रस्त्यात गेलेले दोन गुंठे

“एका पिझ्झ्यावरून तीन दिवस ऐकतेय मी. जणू काय तो मागवला नसता, तर तेवढ्यात गुंठाभर जागाच येणार होती!”

सायली हे कुकरला म्हणाली. निदान तिचा तसा समज होता. पण शिरूरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. एक पडदा होता, आणि पडद्याच्या अलीकडे तिची सासू साखरबाई मेथी निवडत बसली होती.

सुनेनं पुटपुटावं आणि सासूनं ऐकून न ऐकल्यासारखं करावं, ही वहिवाट साखरबाईला नवी नव्हती. तिनं स्वतः चुलीपुढं बसून आपल्या सासूला याहून तिखट ऐकवलं होतं. त्यामुळं पिझ्झ्याचं तिला काही लागलं नाही. हात थांबला तो ‘गुंठा’ या शब्दावर. मेथीची एक अख्खी जुडी तिनं न निवडताच चाळणीत टाकली, मग लक्षात आल्यावर परत बाहेर काढली.

पिझ्झ्याची गोष्ट एवढीच होती, की नात ओवीला शाळेत धावण्यात पहिला नंबर आला म्हणून सायलीच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं गुरुवारी संध्याकाळी तो मागवला. साखरबाईचे मालक हौसराव नेमके त्याच दिवशी राहू गावाहून बायकोला घेऊन लेकाकडं आले होते. डबा उघडला, सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला, हौसरावांनी दोन घेतले, आणि मग किंमत विचारली.

“सातशे चाळीस?” हौसराव म्हणाले. “आरं, मी एकोणनव्वद साली घर बांधलं तवा गवंड्याला म्हैनाभर एवढं दिलं न्हाई.”

तेव्हापासून ते गवंड्यावरून उतरले नव्हते. सकाळी चहाला गवंडी, दुपारी जेवताना गवंडी. साखरबाईनंही शुक्रवारी सहज एक पिल्लू सोडलं होतं, “आमच्या टायमाला पोरं गुळशेंगदाण्यावर वाढली गं.” बोलून झाल्यावर तिला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या तोंडाला अशी वाक्यं आपोआप येतात, जांभई येते तशी.

हौसरावांनी घर बांधलं होतं हे खरं. राहूच्या अलीकडं त्यांची वाडी. जागा बापाची, गावठाणातली. वाळू नदीची, बैलगाडी घालायची आणि भरून आणायची, कोण विचारणार? दगड रानातले. पाया खणायला भावकी आली, तिला दोन वेळची बेसन-भाकरी. विकत आणलं ते सिमेंट, पत्रे आणि दाराच्या बिजागऱ्या. इंद्रजीतनं एकदा बापाला हिशोब समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, की आबा, आज तेवढ्याच वाळूला काय पडतं. त्यावर हौसराव म्हणाले होते, “वाळू महाग झाली म्हणून पिझ्झा खायचा का?”

इंद्रजीत रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. सकाळी सहा वीसची बस. लग्नाला सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत हे चौथं घर. हे घर मेहमूदचाचांचं. माणूस गुळासारखा. पण त्यांच्या अजीमचं लग्न ठरलं, वरच्या खोल्या पोराला लागणार, म्हणून मागच्या महिन्यात खारीचा पुडा घेऊन ते स्वतः वर आले आणि पंधरा मिनिटं नुसते पंख्याकडं बघत बसले. शेवटी इंद्रजीतच म्हणाला, “चाचा, दोन म्हैने द्या. करतो काहीतरी.” ते गेल्यावर सायलीनं भिंतीवरचं ओवीचं चित्र उतरवलं, खिळा उपसला, आणि भोकात टूथपेस्ट भरून बोटानं गुळगुळीत केलं. तीन घरं बदलून ती त्यात तरबेज झाली होती. डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून.

त्यानंतर मात्र इंद्रजीतनं ठरवलं, आता घ्यायचंच. छोटं तर छोटं. त्यासाठीच आईबापाला बोलावलं होतं.

“आई, फ्लॅट बघून ठेवलाय. रविवारी टोकन द्यायचं. तुझ्या हातनं द्यायचं हां,” तो फोनवर म्हणाला होता.

“माझ्या हातनं कशाला रं? तुझ्या आबांच्या हातनं दे की.”

“आबांना राग येऊ दे. माझी इच्छा हाय.”

साखरबाईला फोन ठेवल्यावर बराच वेळ हसू आवरत नव्हतं. तिनं ठेवणीतलं मोरपंखी लुगडं काढून उन्हात टाकलं. हौसरावांनी बॅगेत दोन शर्ट भरले. पैशाची मदत करण्याजोगं त्यांच्याकडं काही नव्हतं, यंदाचं उसाचं बिल बोअरमध्ये गेलं होतं. पण सल्ला फुकटचा असतो, तो त्यांनी पोत्यानं आणला होता.

आणि आज तो रविवार.

दहाच्या सुमाराला निमोण्याहून साखरबाईचा थोरला भाऊ म्हस्कू आला. सत्तरीला टेकलेला, पण अजून स्वतः मोटरसायकल चालवत. पिशवीत पाचसहा किलो कांदा. शिरूरच्या जागाजमिनीतलं मामाला कळतं म्हणून इंद्रजीतनंच त्याला बोलावलं होतं.

“भाचा घरमालक होणार म्हंजी आम्हाला यावंच लागतंय,” म्हस्कू सायलीला म्हणाला. “चहा ठेव बाय, साखर कमी. नावाची साखर समोर बसलीया तेवढी बास.”

“मामा, कुठंय ते तरी विचारा ह्यांना. मला पण फक्त फोटो दाखवलेत.”

“सरप्राइज हाय,” इंद्रजीत बूट घालत म्हणाला.

साखरबाईला भाऊ आला की एरवी आभाळ ठेंगणं व्हायचं. आज मात्र ती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. खरं तर तेरा वर्षं देत नव्हती. शिरूर आणि म्हस्कू या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती काहीतरी काम काढून उठून जायची.

झालं होतं ते असं.

निमोण्याला बाप वारला, तेव्हा चालीप्रमाणं बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या होत्या. बापाच्या रानातला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, साडीचोळी घ्यायची, आणि जन्मभर माहेराला यायची वाट मोकळी ठेवायची. कोणी वाटा मागितला तर लोक त्या बाईला नावं ठेवायचे. साखरबाईनं अंगठा उठवला. थोरल्या बहिणीनंही उठवला. सगळीकडं व्हायचं तेच झालं. फक्त म्हस्कू सगळ्यांसारखा नव्हता. थोरलीला त्यानं गावातच विहिरीजवळ थोडं रान दिलं, आणि अठ्ठ्याण्णव साली कांद्याला सोन्याचा भाव आला तेव्हा धाकटीच्या नावावर शिरूरला दोन गुंठे घेतले. गावाबाहेर, ओढ्यापलीकडं, बाभळीत. कोणी कुत्रं फिरकत नव्हतं तिथं. कागद तिच्या हातात देत म्हणाला, “साडी फाटती, साखरे. ही ऱ्हाईल. पोराच्या कामाला येईल.”

साखरबाईच्या नावावर जगात तेवढीच एक गोष्ट होती. रेशनकार्डावरसुद्धा ती दुसऱ्या नंबरला होती.

मग बारा साल आलं. वाडीचं सरपंचपद बायकांना सुटलं. हौसरावांची सगळी हयात दुसऱ्याच्या पॅनेलमागं घोषणा देण्यात गेलेली. त्यांनी पारावर बसल्या बसल्या जाहीर केलं, की आमच्यातर्फे आमची मंडळी उभी ऱ्हाणार. घरी येऊन मंडळीला सांगितलं. मंडळी म्हणाली, “अवो, मला काय कळतंय त्यातलं?” असं तोंडानं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार लोटून घेऊन इंद्रजीतच्या जुन्या वहीत सहीचा सराव करायला लागली.

निवडणूक म्हटलं की खर्च आला. फ्लेक्स, गाड्या, ढाब्यावरची जेवणं, बायकांना तुळजापूरला न्यायला दोन ट्रॅव्हल्स. हौसराव म्हणाले, तुझे दोन गुंठे हायेत की पडून. निवडून आल्यावर पाच गुंठे घेऊ. शिरूरला कोणी बापूसाहेब म्हणून जागा घेणारे होते. साखरबाई एका सकाळी गेली, कचेरीत बसली, आणि सराव केलेली सही पहिल्यांदा खऱ्या कागदावर केली. छान आली होती. तिला आतून बरंसुद्धा वाटलं होतं. ते बरं वाटणं तिला आजही आठवायचं आणि अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

अकरा मतांनी पडली.

पुढच्या उन्हाळ्यात इंद्रजीतची बारावी झाली. मार्क चांगले होते. तो म्हणाला, “आई, इंजिनिअरिंगला घालायचं असंल तर मामानं दिलेला प्लॉट हाय ना शिरूरचा?” साखरबाई तेव्हा भाकरी थापत होती. मागं न वळता ती म्हणाली, “तो रस्त्यात गेला रं बाळा.”

कुठून आलं ते वाक्य, तिलाच कळलं नाही. बाहेर पडलं आणि घरात येऊन बसलं. हौसरावांनी त्याला वर पत्रे घातले. रस्ता कोणता, रुंदी किती, मोबदला कसा अडकलाय, केस कशी चाललीय. तीन वर्षं त्या न झालेल्या केसच्या तारखा पडत होत्या. म्हस्कूनं विचारलं तेव्हा त्यालाही हेच सांगितलं. तो “असं व्हय” म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. इंद्रजीतनं डिप्लोमा केला. वर पुन्हा आईलाच समजावलं, “बरं झालं. इंजिनिअरिंग झेपलं नसतं मला.”

रिक्षात मागं तिघं बसले. साखरबाई मध्ये, एका बाजूला हौसराव, दुसऱ्या बाजूला म्हस्कू. इंद्रजीत, सायली आणि ओवी पुढं मोटरसायकलवर. हौसराव रिक्षावाल्याला बांधकामाचे भाव सांगत होते. रिक्षावाला बिहारचा होता, तो सगळ्याला “जी, बाबूजी” म्हणत होता, त्यामुळं हौसरावांना जोर चढला होता.

ओढ्यावरचा पूल ओलांडला. साखरबाईनं बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना इमारती, खाली मेडिकल, मोबाइलची दुकानं, चहाचे गाडे. तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं. मग कोपऱ्यावर हिरव्या चुन्याचा छोटासा पीर दिसला आणि त्याच्यावर एका अंगाला कललेली चिंच. जागा बघायला ती पहिल्यांदा भावाबरोबर आली होती तेव्हा त्याच चिंचेखाली बसून दोघांनी दशमी खाल्ली होती.

मोटरसायकल चिंचेपासून डावीकडं वळली. रिक्षाही वळली.

हौसराव सांगत होते तो सिमेंटचा भाव अर्धाच राहिला.

म्हस्कू बाहेर बघत होता. तो कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला, “चिंच तेवढी ठेवली लोकांनी.”

तेवढंच. पण साखरबाईला कळायचं ते कळलं. याला माहीत आहे. आज नाही, पहिल्यापासून. निमोणं ते शिरूर अंतर केवढं? आठवड्याच्या बाजाराला येणारा माणूस. त्याला काय, रस्ता झालाच नाही हे दिसलं नसतं? तेरा वर्षं तो राखी बांधून घ्यायला येत होता, ताटात ओवाळणी टाकत होता, आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, केसचं काय झालं. तिनं पदर पुढं ओढून घेतला. मोरपंखी लुगडं एकदम अंगाला टोचायला लागलं.

इमारत चार मजली होती. साखरबाईनं खालीच उभं राहून मनातल्या मनात चिंचेपासून पावलं मोजली. तिचे दोन गुंठे म्हणजे पुढचं फाटक, गाड्या लावायची जागा आणि जिना. बाकीची इमारत शेजारच्यांच्या जागेत मागं सरकत गेली होती.

“आई, लिफ्ट हाय. तू जिना नको चढू,” इंद्रजीत म्हणाला.

“लिफ्टनंच जाऊ,” साखरबाई घाईनं म्हणाली. त्या जिन्यावर तिला पाय ठेववला नसता.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एक हॉल, एक झोपायची खोली, आणि एवढीशी बाल्कनी. हौसराव भिंतींवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरले, “पोकळ लागतीया,” म्हणाले, पण नेहमीचा आवाज लागला नव्हता. ओवी रिकाम्या हॉलमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पळायला लागली. पहिला नंबर होता, दाखवायला नको?

सायली स्वयंपाकघरात गेली ती तिथंच राहिली. साखरबाई दारात उभी राहून बघत होती. सायली ओट्याची लांबी वितीनं मोजत होती. साडेसात विती. मग तिनं हवेतच डबे मांडले, इकडं पिठाचा, इकडं तांदळाचा. भिंतीवर एका जागी तळहात ठेवला.

“आई, इथं ओवीची चित्रं लावायची. हवे तेवढे खिळे ठोकायचे,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याला लाजून हसली. “कोण विचारणार आहे?”

“ठोक की,” साखरबाई म्हणाली. आणि आत पाऊल न टाकताच ती दारातून मागं फिरली. सायलीला वाटलं, सासूला फ्लॅट पसंत नाही. तिचं हसू मावळलं.

खाली तळमजल्यावर ऑफिस होतं. काचेचं दार, एसी. टेबलामागं पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ बसला होता. केस पिकले होते, पोट पुढं आलं होतं, पण साखरबाईनं दारातूनच ओळखलं. बापूसाहेब. त्यांनी सगळ्यांना बसा म्हटलं, पाणी मागवलं, आणि एकेकाकडं बघत त्यांची नजर साखरबाईवर आली. थांबली. मग हौसरावांवर गेली. धंद्यातला माणूस, तो एकदा पाहिलेला सातबारा विसरत नाही, तर माणूस कसा विसरेल?

“वहिनी, आपण कुठंतरी…” त्यांनी सुरुवात केली.

“गरमी लई वाढलीया न्हाई यंदा?” हौसराव मध्येच मोठ्यानं म्हणाले. “काय बापूसाहेब?”

बापूसाहेबांनी हौसरावांकडं बघितलं, इंद्रजीतकडं बघितलं, आणि समोरची फाइल सरळ असताना पुन्हा सरळ केली. “व्हय. गरमी हाय,” ते म्हणाले. “चहा घेणार का कॉफी?”

म्हस्कू फरशीकडं बघत होता.

व्यवहार फारसा बोलायचा उरला नव्हता. सत्तावीस लाखाला ठरलं होतं. साठवलेले आणि सायलीचं सोनं मोडून आलेले मिळून चार-पाच, बाकीचं कर्ज. पंचवीस वर्षांचं.

“पंचवीस?” हौसरावांना पुन्हा कंठ फुटला. रिक्षापासून दाबून ठेवलेलं सगळं त्या एका आकड्यावर निसटलं. भ्यालेलं माणूस गप्प तरी बसतं नाहीतर आरडाओरडा तरी करतं, आणि गप्प बसणं हौसरावांच्या कुंडलीत नव्हतं. “आरं, पंचवीस वर्षांनी तू छप्पन वर्षांचा व्हशील. म्हातारपणापत्तूर हप्तं?”

“सगळे असंच घेतात आबा.”

“सगळ्यांचं सोड. बापूसाहेब, तुम्हीच सांगा, ही पिढी हप्त्यावरच जन्मली का न्हाई? मोबाइल हप्त्यावर, गाडी हप्त्यावर. पाच वर्षांच्या पोरीच्या शाळेला चाळीस हजार! आम्ही काय झेडपीच्या शाळेत शिकून मेलो का? रविवार आला की हाटेल. सुनबाईला कपड्याचं पार्सल आठवड्याला येतंय. हात आखडता घेतला असता तर आज रोख मोजून घर घेतलं असतं.”

“आबा, इथं नको ना,” सायली खाली बघत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “पार्सल मागच्या महिन्यात एक आलं. ते ओवीच्या फ्रॉकचं होतं.”

“मी तुला एकटीला न्हाई म्हणत, समद्या पिढीला म्हणतोय.” हौसरावांनी मान उंचावली. “मी जन्मात एक रुपाया वाया घालवला न्हाई. इचारा, हिला इचारा. हितं बसलीया.”

सगळे साखरबाईकडं बघायला लागले. बापूसाहेब तेवढे बघत नव्हते. ते टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. आणि म्हस्कूनं मान आणखी खाली घातली, जणू लाज त्याचीच होती.

साखरबाईला वाटलं, आता काहीतरी होईल. फोन वाजेल, वीज जाईल, ओवी पडेल. काही झालं नाही. एसी घुरघुरत राहिला.

इंद्रजीतच बोलला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो मऊ आवाजात बापाची समजूत काढायला लागला.

“आबा, तुमचं बरोबर हाय. आमच्या हाताला बरकत न्हाई. मला कळत न्हाई का? तुम्ही माझ्यापेक्षा लहान वयात घर उभं केलं. मी वीस हजाराच्या वर कमवायला लागून सहा वर्षं झाली, तरी मेहमूदचाचांना ‘दोन म्हैने द्या’ म्हणायची पाळी येतीया. मला लाज वाटत न्हाई व्हय? गावाकडं कुणी इचारलं, शिरूरला घर घेतलं का, की मी फोन आल्यासारखं करून बाजूला जातो.” तो हसला. “आता एवढंच, की मामानं आईला दिलेला प्लॉट रस्त्यात गेला नसता तर थोडा आधार झाला असता. पण ते काय तुमच्या हातात व्हतं? त्येला नशीब म्हणायचं.”

आणि मग त्याला आठवलं तसं तो टेबलाकडं वळला.

“बापूसाहेब, तुम्ही हितलेच जुने. ओढ्याच्या ह्या बाजूलाच कुठंतरी व्हता म्हणं आमचा प्लॉट. दोन गुंठे. कोणत्या रस्त्यात गेला आसंल वो तो?”

बापूसाहेबांनी कप उचलला. त्यात कॉफी उरली नव्हती, तरी त्यांनी घोट घेतला.

“रस्ते लई झाले हिकडं,” ते म्हणाले.

“ते यंत्र जरा कमी करा, गारठा भरतोय,” हौसराव एसीकडं बोट दाखवत म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

म्हस्कू उठला. “मी जरा बाहीर… तंबाखू,” म्हणाला, पण दारापर्यंत जाऊन तिथंच काचेला पाठ लावून उभा राहिला.

साखरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. बासष्ट वर्षांचा माणूस, पण शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखा बसला होता. तिला त्याचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. दुपारी दार लोटून वहीत सह्या गिरवणारी बाई तिला दिसत होती, आणि फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो बघायला मुद्दाम लांबच्या वाटेनं दळण घेऊन जाणारी.

“चला, आई,” इंद्रजीतनं खिशातून टोकनचं पाकीट काढलं. त्याला सायलीनं हळदीकुंकवाचं बोट लावून आणलं होतं. त्यानं ते आईच्या दोन्ही हातांत ठेवलं आणि तिचे हात वरून आपल्या हातांनी मिटवले. “दे बापूसाहेबांना. तुझ्या हातनं.”

सायलीनं मोबाइल काढून फोटो घ्यायला धरला. ओवी आजीच्या लुगड्याला धरून उभी राहिली. बापूसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी हात पुढं केला, पण पुरता नाही.

साखरबाई उभी राहिली. पाकीट तिच्या हातातच राहिलं.

“आई, दे की,” इंद्रजीत म्हणाला.

“ह्यास्नी मी एकदा दिलंय,” साखरबाई म्हणाली.

“काय?”

“अगं, काय बोलतीस?” हौसराव म्हणाले. “उनानं चक्कर आली का तुला? पाणी द्या रं हिला.”

“पाणी नको.” तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. दारातल्या भावाकडं बघितलं, मग लेकाकडं. शब्द एकेक नीट येत होता. “रस्त्यात न्हाई गेला, इंद्रजीत. रस्ता कुठला न्हाईच. हे फाटक हाय न्हवं, आन् तुझी गाडी लावलीस ती जागा, आन् ह्यो जिना, हेच ते माझं दोन गुंठं. माझ्या भावानं दिल्यालं. मी ह्यास्नी इकलं, बाराच्या इलेक्शनला. समदं पैसं म्हैनाभरात खाऊन-पिऊन, फ्लेक्स लावून उडवलं. तुझ्या आबांनी मागितलं हे खरं, पण सही माझी व्हती, कुणी हात धरून करून घेतली न्हाई. मलाबी सरपंच व्हायचं व्हतं.”